आठ लाख द्यायचे का, आणि दादाला जामीन राहायचं का

तुझं सगळं दोनदा वाचलं. आधी तुझंच तुला थोडक्यात परत सांगते, म्हणजे माझी कुठं गफलत होत असेल तर कळेल. वय २८, पुण्यात आयटीत नोकरी, हातात ५८ हजार पडतात. चार वर्षं एकाच मुलाबरोबर आहेस, तोही सोलापूरचाच, जात वेगळी म्हणून दोन्ही घरी अर्धंमुर्धंच माहितीय. वाकडला दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता पण घरी सांगितलंय मैत्रिणीबरोबर राहते म्हणून. त्याचं पॅकेज ११ लाख, तो जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायलाय, लोन लवकर होतं म्हणून एकट्याच्या नावावर, आणि डाउन पेमेंटला तुझ्याकडचे ८ लाख मागायलाय. तिकडं घरी वडिलांचे लूम बंद, तू महिन्याला २० हजार पाठवतीस, आणि आता दादाला टॉवेलचा धंदा वाढवायचाय तर पतसंस्थेच्या १० लाखाच्या कर्जाला जामीनदार म्हणून तुझी सही पाहिजे. दोघांनाही नाही म्हणता येईना.

मी २६ वर्षं इथं सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला बसून लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरते, त्याआधी चार वर्षं एका सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर होते. यंत्रमागवाले, मास्तर, दुकानदार, आणि हल्ली तुझ्यासारखी पुण्याला गेलेली पोरं, शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतात आणि फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) घेऊन माझ्याकडं. आणि फॉर्म सोळाच्या मागनं हळूच दुसरा विषय निघतो, "मॅडम, एक विचारायचं होतं..." तर तुझ्यासारखा प्रश्न मला नवा नाही. मी वकील नाही, कागद करशील तेव्हा वकिलाला एकदा दाखवून घे, पण पैसा कुठं अडकतो आणि कुठं बुडतो ते या टेबलावरून लय बघितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसव. तुझ्या हातनं पैसा निघतो तेव्हा त्याला एक नाव असतं. दिलेला, उसना, किंवा हिस्सा. दिलेला म्हणजे परत येणार नाही, उसना म्हणजे परत येणार, हिस्सा म्हणजे त्या वस्तूत तुझी मालकी. तुझ्या प्रश्नात ८ लाखाला नावच नाहीये. तू लिहिलंयस "मी त्याला देणार आहे, शेवटी घर आमचंच असेल". बघ, एका वाक्यात "देणार" पण आलं आणि "आमचं" पण आलं. त्याच्या डोक्यात एक नाव असेल, तुझ्या डोक्यात दुसरं, त्याच्या आईच्या डोक्यात तिसरं, आणि इन्कम टॅक्सवाल्याच्या डोक्यात चौथं.

मग एकेक करून बघू.

समजा दिले, गिफ्ट. आयकरात नातेवाइकांची यादी ठरलेली आहे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, मामा-मावशी-काका-आत्या, बायकोचा भाऊ, असे सगळे आहेत त्यात. चार वर्षं एका छताखाली राहणारा जोडीदार त्यात नाही. तुमच्या दोघांचं नातं आयकराच्या लेखी रिक्षात शेजारी बसलेल्या माणसाएवढंच. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात एकूण ५० हजाराच्या वर पैसे बक्षीस आले तर घेणाऱ्याला टॅक्स, आणि इथं लोक फसतात, ५० हजाराच्या वरच्या रकमेवर टॅक्स नसतो, पूर्ण रकमेवर असतो. म्हणजे पूर्ण ८ लाख त्याच्या उत्पन्नात धरायचे. त्याचं ११ लाख पगार, ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी सरसकट वजावट) जाऊन सव्वादहा लाख, नव्या करपद्धतीत २०२५-२६ ला टॅक्स शून्य. त्यात तुझे ८ लाख मिळवले की सव्वाअठरा लाख, १२ लाखाची सूट गेली, आणि टॅक्स सेससकट १ लाख ७१ हजार ६००. तुझं प्रेम त्याला पावणेदोन लाखाला पडेल. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळं इंटरनेटवरचे जुने नंबर पाठ करत बसू नको.)

लग्नाच्या निमित्तानं आलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही, ते वेगळं. पण लग्न "होणारच आहे" हे निमित्त धरत नाहीत.

समजा हिस्सा. म्हणजे घरात तुझीही मालकी. तर मग तुझं नाव अ‍ॅग्रीमेंटवर पाहिजे, इंडेक्स टू वर (रजिस्ट्री ऑफिसातल्या नोंदीचा उतारा) पाहिजे, आणि किती टक्के ते पण लिहिलेलं पाहिजे. नाव त्याचं एकट्याचं, पैसे तुझे, आणि मनात मालकी दोघांची, याला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ ला तो कायदा कडक झाला, त्यात नवरा-बायको-मुलांना सवलत आहे, मित्र-मैत्रिणीला नाही. उद्या तुमचं फिसकटलं आणि तू कोर्टात गेलीस की साहेब घरात माझे ८ लाख आहेत, घर माझंही आहे, तर समोरचा वकील म्हणणार बरं मग हे बेनामी. तुझ्या तोंडानंच तू अडकणार.

त्याच्या एकट्याच्या नावावर लोन लवकर होतं हे तो खरं सांगायलाय. बऱ्याच बँका लग्न झालेलं जोडपं किंवा आई-वडील आणि मूल एवढंच को-अ‍ॅप्लिकंट (सहकर्जदार) म्हणून धरतात, मित्र-मैत्रीण म्हणलं की फाइल बाजूला जाते. मी पण टेबलावर असताना तेच केलंय, कबूल करते. पण तू म्हणतीस तसं "नंतर नाव लावून घेऊ" हे इतकं सोपं नाही. लग्नाआधी नाव लावायचं तर अर्ध्या घराचा नवीन व्यवहारच, पुरी स्टँप ड्युटी. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला राहत्या घराचा हिस्सा बक्षीसपत्रानं दिला तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी नाममात्र लागते. वर लोन चालू असलं तर बँकेची एनओसी. म्हणजे घर दोघांचं करायचं असेल तर आधी लग्न मग घर, हा क्रम स्वस्त पडतो. आमच्या आज्या पण हेच सांगायच्या, त्यांची कारणं वेगळी होती.

राहिलं उसने. तुला द्यायचेच असतील तर हेच नाव दे. आता तू म्हणशील त्याच्याकडनं काय लिहून घ्यायचं, लाज वाटते. माझ्याकडं एक मुलगी यायची, होटगी रोडची, तिनं साडेतीन वर्षांत त्याला ५-१० हजार करत ४ लाखाच्या वर दिले, कधी बाईकचा हप्ता, कधी त्याच्या बहिणीच्या अ‍ॅडमिशनला, सगळं यूपीआयनं, आणि रिमार्कमध्ये काय तर बदामाची चित्रं. फिसकटल्यावर तो म्हणला तू प्रेमानं दिलेस, परत कशाचे? आणि कागदावर त्याचं खरंच होतं, बदामाच्या चित्राचा अर्थ उसने असा कुणी काढणार नाही. त्यातले सुरुवातीचे पैसे तर मुदतीच्या बाहेरच गेले होते. हातउसन्या पैशाला परतीची तारीख ठरलेली नसेल तर दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. ३ वर्षं संपायच्या आत त्यानं लेखी मान्य केलं की एवढे देणं आहे, किंवा सहीनिशी थोडे परत दिले, तर मुदत तिथनं परत सुरू होते. लय लोकांना हे माहीतच नसतं, संबंध चांगले आहेत तोवर मागत नाहीत आणि बिघडले की मुदत गेलेली असते.

म्हणून द्यायचे तर बँकेतनं बँकेत, रोख अजिबात नाही. २० हजार किंवा जास्त उसने रोख घेता येत नाहीत आणि रोख परतही करता येत नाहीत, दंड तेवढ्याच रकमेचा लागू शकतो. ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये सरळ "उसने" लिही. स्टँप पेपरवर साधं लिहून घे (१०० चा आता चालत नाही), की अमुक तारखेला अमुक खात्यातनं एवढे उसने घेतले, अमुक तारखेपर्यंत परत करीन, लग्न झालं तर काय, नाही झालं तर काय, फ्लॅट विकला तर आधी हे फेडीन. दोन साक्षीदार. व्याज लावत बसू नको. उसने म्हणून घेतलेल्याला गिफ्टचा टॅक्स पण नाही, म्हणजे त्याचे ते १ लाख ७१ हजार वाचले, हे त्याला सांग, कागदाला तयार व्हायला मदत होईल. आणि नाहीच तयार झाला सहीला, तर ८ लाख वाचले समज.

पण मला विचारशील तर देऊच नको, निदान पूर्ण ८ तर नाहीच. तुझी सगळी शिल्लक तेवढीच आहे असं लिहिलंयस. आयटीत नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हा त्याचा फ्लॅट त्याच्याकडं असेल आणि तुझ्याकडं स्टँप पेपर. ६ महिन्यांचा खर्च आणि घरचे २० हजार धरून बाजूला काढ, मग उरलं त्यातनं काय ते बोल.

आता जे कुणालाच बोलायला आवडत नाही ते.

५-६ वर्षांपूर्वी पुणे रोडला टेंभुर्णीच्या पुढं एक मुलगा अपघातात गेला. तिशीच्या आतला. त्याच्याबरोबर राहणारी मुलगी महिन्याभरानं माझ्याकडं आली, त्याच्या नावावरच्या कारचे अर्धे हप्ते ती भरायची, एफडीत तिचे पैसे होते. तिला काय मिळणार, तर काहीच नाही. लग्न न झालेला हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याचं सगळं आईला जातं. वडिलांना पण नाही, आधी आई, हे ऐकून त्याचे वडीलच चकित झाले होते. मुलगी गेली, नवरा-मुलं नसतील, तर तिच्या कमाईचं आई आणि वडील दोघांना. जोडीदाराचा नंबर कुठंच नाही. त्या आईनं भल्या मनानं तिला एफडीतले तिचे पैसे मोजून दिले, पण ते तिच्या मनावर होतं, कायद्यात नव्हतं.

यावर लोक म्हणतात मी त्याला नॉमिनी केलंय की. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. वारस त्याच्याकडनं मागू शकतात. २०२३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शेअर-म्युच्युअल फंडांच्या बाबतीत पण हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला ४ नॉमिनी लावता येतात, चांगलं झालं, पण ४ लावले तरी ते ४ पोस्टमनच. विम्यात तेवढा फरक आहे, तिथं आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, आणि तुझा तो या यादीत पण नाही. पीएफला लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं, आणि किती जणांनी भरलेलं असतं ते विचारू नकोस.

तुला त्याच्यासाठी काही ठेवायचं असेल, किंवा त्याला तुझ्यासाठी, तर एकच रस्ता, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही पण केलेलं बरं. दोन साक्षीदार, ज्याला द्यायचंय त्याला साक्षीदार करू नको. २८ व्या वर्षी मृत्युपत्र म्हणलं की पोरं हसतात. हसू दे.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. बाईला लिव्ह-इनमध्ये २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागता येतं, राहायची जागा, खर्च. पण नातं "लग्नासारखं" आहे हे दाखवावं लागतं, आणि २०१० आणि २०१३ च्या निकालांत सुप्रीम कोर्टानं काय काय बघायचं ते सांगितलंय, किती काळ एकत्र राहता, पैसे एकत्र वापरता का, चार लोकांत नवरा-बायकोसारखं वावरता का. तुम्ही तर घरी मैत्रिणीबरोबर राहते म्हणून सांगितलंय. चांगल्या हेतूनं मारलेली थाप पण कधी तुझ्याच विरुद्ध उभी राहते. आणि ते संरक्षण मिळालं तरी त्यानं घरात मालकी येत नाही.

पुण्यातल्या रोजच्या खर्चाचं लय ताणू नका. भाड्याचा करार दोघांच्या नावे करा, डिपॉझिट कुणी किती भरलं ते त्यात लिहा. एक जॉइंट खातं फक्त खर्चाचं काढा, लग्न झालेलं नसलं तरी काढता येतं, त्यात महिन्याचाच खर्च ठेवा, बचत ठेवू नका. अर्धं-अर्धं करू नका, तो ८० घरी आणतो तू ५८, तर पगाराच्या मानानं भरा. १० रुपयातले तू ४ भर, तो ६. फ्रीज-वॉशिंग मशीन ज्यानं घेतलं त्याच्या नावाचं बिल त्याच्याकडं ठेवा, बस. भाजीच्या पेंडीचा हिशोब मागणारं नातं टिकत नाही आणि ८ लाखाचा न मागणारं पण टिकत नाही, असं माझं बघून झालेलं मत आहे. हां, खर्चाचा वाटा म्हणून तू पाठवतीस ते गिफ्ट नाही, पण ते गिफ्ट नाही हे दिसायला रिमार्कमध्ये "भाडे जून" असं लिहायला काय जातंय.

आता घर. इथं सगळं उलटं आहे. जोडीदाराशी कायद्यानं नातं नाही म्हणून कागद लागतो, आणि घरच्यांशी नातं इतकं आहे की कागदाचं नाव काढलं तर घरात तीन दिवस कुणी बोलत नाही. आई-वडिलांना किती पण दे, त्यांना टॅक्स नाही, तुला वजावट पण नाही. त्यांना दिलेल्या पैशावर जे व्याज येईल ते त्यांच्याच उत्पन्नात, तुझ्यात मिळवत नाहीत. म्हणजे आईच्या नावे एफडी केली तर टॅक्सच्या दृष्टीनं बरोबर. पण ती एफडी मग आईची, तुझी नाही. उद्या तिच्या माघारी वडील, दादा आणि तू, तिघांत वाटली जाणार. "माझे पैसे आईच्या नावावर ठेवलेत" असं तू म्हणतीस त्यात "माझे" हा शब्द चुकीचाय, हे माहीत असून ठेवणार असशील तर ठेव.

२० हजार कुठं जातात विचारलंयस का कधी? हिशोब मागायचा म्हणून नको, सहज. माझा एक क्लायंट सहा वर्षं घरी पाठवायचा, वडिलांच्या औषधाला म्हणून, आणि एकदा पासबुक भरून आणल्यावर कळलं की निम्म्यातनं भावाच्या गाडीचा हप्ता जायलाय, वडील औषध अर्ध्या गोळ्या करून खायलेत. तेव्हा काही गोष्टी तू थेट भर. लाईट बिल, औषधाच्या दुकानाचं खातं, आई-वडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही). उरलेले हातखर्चाला आईच्या खात्यावर, १ तारखेला, ठरलेला आकडा. आणि तो आकडा तू बोलून ठरव. आत्ता २० हजार ठरले कसे? कुणीच ठरवले नसतील, वाढत वाढत गेले असतील, नाही का.

तुझ्या आईनं विड्या वळल्यात असं लिहिलंयस. मग तिचा पीएफ असणार, कार्ड कुठं आहे ते शोध, नाव-जन्मतारीख आधारशी जुळते का बघ. सोलापूरच्या पूर्वभागातल्या किती बायकांचे पैसे नुसत्या स्पेलिंगमुळं अडकलेले मी बघितलेत, दोन-दोन वर्षं चकरा. लूम भंगारात घातले का अजून आहेत? घातले असतील तर ते पैसे कुठं गेले हा पण प्रश्न आहे, पण तो तू विचारू नको, वडील दुखावतील. त्यांच्या हाताखाली चार माणसं कामाला होती एकेकाळी.

आणि दादाची सही.

इथं मी स्वतःचं सांगते. २००३ साली माझ्या चुलत दिराला एका पतसंस्थेचं कर्ज पाहिजे होतं, मला म्हणले वहिनी नुसती सही आहे. मी, जी चार वर्षं बँकेत जामीनदारांना नोटिसा टाइप करून बसलेली, मी सही केली. नाही कसं म्हणणार, सासूबाई समोर बसलेल्या. दीड वर्षानं हप्ते थांबले, आणि वसुली अधिकारी दिराच्या घरी जायच्या आधी माझ्या दारात, कारण दिराचं दुकान बंद आणि माझा नवरा पगारदार. सव्वातीन वर्षं भरले. दीर आजपण लग्नकार्यात भेटला की माझी नजर चुकवतो, त्याचं वाईट जास्त वाटतं.

जामीनदार म्हणजे कर्जदार नाही भरला तर मग तू, असं लोक समजतात. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्यापासनं हे ठरलंय, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि त्यांनी आधी कर्जदाराच्या मागं लागलं पाहिजे असं काही बंधन नाही. पतसंस्थेला तर दिवाणी कोर्टात पण जावं लागत नाही, सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुलीचा दाखला काढतात आणि पगारावर जप्ती येऊ शकते. घरात पगार कुणाचा, तर तुझा. एकदा सही झाली की चालू कर्जातनं त्यांच्या मर्जीशिवाय बाहेर पडता येत नाही. कर्ज बँकेचं असेल तर ते तुझ्या सिबिलला (कर्जफेडीच्या नोंदीत) पण दिसतं, म्हणजे पुढं तुला घराचं लोन घ्यायचंय तेव्हा हे १० लाख आडवे येणार.

मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. दादा पतसंस्थेत का जायलाय? मुद्रा योजनेत बँका १० लाखापर्यंत तारण न घेता धंद्याला कर्ज देतात, व्याज पण पतसंस्थेपेक्षा सहसा कमी. माझा अंदाज, त्यानं रिटर्न भरलेले नाहीत किंवा जीएसटीची कागदं नीट नाहीत, म्हणून बँकेनं दारात उभं केलं नसेल. आपल्याकडं चादर-टॉवेलवाल्यांत हे लय आहे, धंदा रोखीत, कच्च्या चिठ्ठीवर, आणि मग कर्जाच्या वेळी कागदावर धंदाच दिसत नाही. तसं असेल तर त्याला तुझ्या सहीपेक्षा दोन वर्षांच्या रिटर्नची गरज जास्त आहे. त्याला माझ्याकडं पाठव, पहिल्या वर्षाची फी घेणार नाही.

तुला मदत करायचीच असेल तर एक आकडा ठरव जो बुडाला तर तुझ्या पोटात दुखणार नाही. १ लाख म्हण, दीड म्हण. तो सरळ दे, दिलेला म्हणून दे, परत मागू नको, घरात सगळ्यांसमोर दे. भाऊ नातेवाइकांच्या यादीत आहे, त्याला त्यावर टॅक्स नाही. "सही नाही करणार, हे घे" यातलं "हे घे" असलं की "नाही" गिळायला सोपं जातं. सोनं मात्र गहाण ठेवायला देऊ नको. तुझ्या नावचं, आईनं तुझ्यासाठी केलेलं असेल तर अजिबात नाही.

तो म्हणणार, बहीण असून सही करत नाहीस, मग घरातला हिस्सा बरा चालतो. हे वाक्य येणार बघ, अशोक चौकातल्या प्रत्येक घरात येतं. त्यावर भांडू नको आणि रागाच्या भरात हक्कसोडवर (हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही पण करू नको. घर आजोबांपासून वडिलोपार्जित चालत आलेलं असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं त्यात तुझा हक्क दादाएवढाच आहे, वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर त्यांच्या हयातीत दोघांचाही नाही. पण आजचा विषय तो नाही, आजचा विषय १० लाखाचा आहे, तिथंच राहा.

आणि घरी त्या मुलाचं अर्धं सांगितलंयस ते पूर्ण सांग, निदान आईला. पैशाच्या निमित्तानं सांगते मी. जोपर्यंत घरच्यांना तो माहीत नाही तोपर्यंत त्यांच्या हिशोबात तुझा सगळा पगार मोकळाय, "तिला एकटीला काय खर्च" असंच त्यांना वाटणार. आणि त्याच्या हिशोबात तुझी शिल्लक मोकळी आहे कारण तू घरी किती पाठवतीस हे त्याला नीट माहीत नसणार. सांगितलंयस का त्याला २० हजाराचा आकडा? नसेल तर आज रात्री सांग, आणि त्याला पण विचार तो घरी किती देतो.

दादानं तुला येत्या शनिवारी पतसंस्थेत सहीला बोलावलंय म्हणलीस ना, तर त्या शनिवारी सोलापूरला येऊच नको. ऑफिसात काम निघालं म्हणून सांग. पुढच्या आठवड्यात ये, दादाला घेऊन, संध्याकाळी पाचनंतर मी असते.